नावेचं बूच आणि नारळीभात

फार पूर्वी, खाडीवर पूल झाला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. खाडीकाठच्या एका गावात एक तरवाली राहायची. तर म्हणजे माणसांना या काठावरून त्या काठावर नेणारी नाव. बाजार पलीकडे, देऊळ पलीकडे, निम्मे सोयरे पलीकडे, आणि मध्ये ही एकच नाव.

नाव बांधली होती तिच्या नवऱ्याने. तो होता ते दिवस गावाला फार गोड आठवत. संध्याकाळ झाली की तो नाव काठावर ओढून घ्यायचा आणि तळाच्या भोकातलं लाकडी बूच उपटायचा. दिवसभर साचलेलं पाणी भळाभळा वाहून गेलं, की बूच हातात नाचवत घरी यायचा आणि दारातल्या पाण्याच्या मडक्यात टाकायचा. लोक जाता-येता मडक्यात डोकावत. आत बूच दिसलं की तर बंद, नाही दिसलं तर पळा, नाव निघतेय. गावात घड्याळ नव्हतं, पण कुणाचं काही अडत नसे.

मग एका पावसाळ्यात तो तापाने गेला. पावसाळा सरल्यावर तरवालीने डोळे पुसले आणि वल्हं हाती घेतलं. नाव ती छान चालवायची. फक्त ते बूच तिने मडक्यात टाकणं सोडलं. त्याच्या हातचं शेवटचं बूच ते, असं पाण्यात कुजत कसं ठेवायचं? ती ते पदराने कोरडं करी, खोबरेल तेल चोळी आणि देवाच्या कोनाड्यात ठेवून देई. रोज सकाळी ते उचलताना तिला वाटे, त्याचाच हात हातात आला.

आता तेल प्यायलेलं लाकूड पाण्यात फुगत नाही, आणि न फुगलेलं बूच भोकात घट्ट बसत नाही. ते डुगडुगू लागलं. डुगडुगून भोकही झिजलं. नावेत पाणी येऊ लागलं, तेव्हा तिने बुचाला चिंधी गुंडाळली. पुढे आणखी एक गुंडाळली. नंतर नंतर तर ते बूच कसलं, बोट कापलेल्या पोराच्या पट्टीसारखं दिसू लागलं.

गावचा सुतार एकदा नावेत बसला आणि पाय वर घेऊनच पलीकडे पोचला. उतरताना म्हणाला, "वहिनी, बूच ढिलं झालंय. फणसाचं लाकूड पडलंय माझ्याकडे, नवं करून देतो."

"राहू द्या भावोजी," तरवाली म्हणाली. "त्यांच्या हातचं आहे ते."

ओला पाय झटकत सुतार बाजाराला गेला.

एका दुपारी एक बाळंतीण आली. माहेरी बाळंतपण उरकून ती सासरी निघाली होती. कुशीत बाळ, सोबत म्हातारा बाप आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. ओहोटी लागली होती, खाडीला ओढ होती. तरवालीने बूच टाचेने ठोकलं आणि नाव सोडली.

मध्यावर आल्यावर चिंधी सुटली. बूच टुपकन वर आलं आणि नावेतच तरंगू लागलं. खालून पाण्याचा झरा फुटला.

तरवालीने वल्हं टाकलं, बूच धरलं आणि भोकात दाबलं. ते बसेना. तिने पदर फाडून गुंडाळला, पुन्हा दाबलं. पुन्हा वर आलं. "बसेल," ती म्हणाली, "आत्ता बसेल. आजवर कधी दगा दिला नाही याने." पाणी बाळंतिणीच्या घोट्यापर्यंत आलं. लाडवांचा डबा तरंगू लागला. नाव आडवी होऊन समुद्राकडे वाहू लागली, आणि तरवाली आपली बूच दाबतेच आहे.

बाळंतिणीने बाळाच्या अंगावरचं दुपटं काढून तिच्यापुढे धरलं. "मावशी, सोडा ते. हे कोंबा, आणि वर पाय द्या."

"अगं, त्यांच्या हातचं आहे."

"आणि ही नाव कुणाच्या हातची?"

तरवालीने वर पाहिलं. उघडं बाळ आईच्या गळ्याशी कुडकुडत होतं. तिची मूठ सुटली. दुपट्याचा बोळा तिने भोकात कोंबला आणि वर टाच रोवून उभी राहिली. म्हाताऱ्याने वल्हं ओढलं, बाळंतिणीने एका हाताने डबा रिकामा करून पाणी उपसलं. लाडू खाडीला गेले. नाव गावाच्याच काठाला, धक्क्यापासून कितीतरी खाली, चिखलात जाऊन रुतली, पण सगळे जिवंत उतरले.

चिखलात बसून म्हाताऱ्याने दम खाल्ला. मग म्हणाला, "तुझा नवरा दर नारळी पुनवेला नवं बूच लावायचा. जुनं कुठं रे, विचारलं की हसायचा. म्हणायचा, आमच्या नारळीभाताखाली."

तरवालीला हे माहीत नव्हतं थोडंच? जुनं बूच चुलीत सारणारी तीच होती. तो चुलीशी बसायचा, गुळाचा वास घरभर सुटायचा, आणि तो म्हणायचा, "वर्षभर पाणी अडवलं, आता भात शिजव बाबा." सगळं आठवत होतं तिला. आठवणीत इतकी रमली होती, की तो करायचा तेवढंच करायचं राहून गेलं. चिखलात बसून ती पोटभर रडली.

सुताराने त्याच दिवशी भोक सारखं करून फणसाचं नवं बूच बसवून दिलं. नारळी पुनव अजून लांब होती, पण त्या संध्याकाळी तरवालीने नारळीभात शिजत घातला. चिंध्या सोडून जुनं बूच तिने चुलीत सारलं. तेल प्यायलेलं ते, असं पेटलं की भात लागतो की काय वाटलं. त्यातला वाटीभर भात तिने बाळंतिणीच्या सासरी पोचवला, धुतलेल्या दुपट्यासकट.

दुसऱ्या दिवसापासून लोक पुन्हा दारातल्या मडक्यात डोकावू लागले.

तात्पर्य: गेलेल्या माणसाची वस्तू कोनाड्यात जपून तो जवळ राहत नाही, तो जे निगुतीने करायचा, ते आपण करत राहिलो, तर राहतो.