बिनतोंडाचा मुखवटा

एका राज्यात सुवर्णसेन नावाचा राजा होता. राजा वाईट नव्हता, आळशी होता. आणि आळशी राजा रयतेला वाईट राजापेक्षा महाग पडतो. एकदा एक मांत्रिक फिर्याद घेऊन त्याच्या दारी आला. तीन दिवस उभा राहिला, पण राजाने त्याला आत बोलावले नाही. चौथ्या दिवशी मांत्रिकाने फिर्याद गिळली आणि राजाला रत्नांचा हार नजर केला. राजाने तो हौसेने गळ्यात घातला. मानेमागे तीन गाठी आपोआप बसल्या, त्या कोणा सोनाराला सुटेनात. त्या दिवसापासून राजाच्या कानी पडणारी प्रत्येक फिर्याद स्तुती होऊन पडू लागली.

म्हातारी रडे, "महाराज, माझी गाय ओढून नेली हो!" राजाला ऐकू येई, "महाराज, आपल्या राज्यात गाईसुद्धा सुखी आहेत." राजा झरोक्यातून हसे आणि हात उंचावे. बारा वर्षे असे चालले. मग काय, कुंपणच शेत खाऊ लागले. जकातदार लुटू लागला, न्यायाधीश न्याय विकू लागला, आणि कोतवाल भुजंगराव चोरांचा मुजरा घेऊ लागला.

त्या नगरीत भिवबा सुतार राहत होता. चैत्रातल्या मिरवणुकीसाठी देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे त्यानेच कोरायचे, असा त्याच्या घराण्याचा मान. एका वर्षी कोतवाल मुखवटे पाहायला आला आणि राक्षसापुढे थबकला.

"भिवबा, हे तोंड माझे आहे."

"मी आज्यापणज्यापासूनचंच तोंड कोरलंय, सरकार," भिवबा म्हणाला. "आपलंच हल्ली तिकडं झुकत चाललंय."

नगरी मनातल्या मनात हसली. उघड हसायची कोणाची छाती नव्हती. भिवबाला गुडघाभर पाण्याच्या तळघरात टाकले आणि दवंडी पिटली, की चैत्री पुनवेला भर चौकात त्याचे दोन्ही हात तोडले जातील.

भिवबाला एकच लेक, सगुणा. ती दारोदार फिरली. शेजारी म्हणाले, "तुझ्या आबाला जीभ आवरायला काय झालं होतं?" ती झरोक्याखाली जाऊन घसा फुटेतो ओरडली. राजाने प्रसन्न होऊन तिला फुलांची परडी पाठवली. सगुणेने ती गटारात ओतली आणि घरी येऊन बापाच्या लाकूड कोरायच्या पटाशीपाशी बसून रडली.

भिवबाने अर्धवट टाकलेला एक मुखवटा तिथे पडला होता. डोळ्यांची भोके पडली होती. नाक, तोंड कोरायचे राहिले होते. त्यावर एक साळुंकी येऊन बसली आणि बोलली. त्या राज्यात साळुंक्या बोलत, त्याचे कुणाला नवल नव्हते. त्या खरे बोलत, याचे होते.

"रडून झालं असेल तर ऐक," साळुंकी म्हणाली. "याला तोंड नाही. म्हणून जो याच्याकडे जवळून, रोखून पाहील त्याला स्वतःचं खरं तोंड दिसेल आणि तो आपलं पाप आपण बोलेल. तीन पापी चारचौघांत बोलले, की राजाच्या तीन गाठी सुटतील."

"आणि मला धरलं तर?"

"वेशीवरचा शिलालेख वाच."

शिलालेख राजाच्या पणज्याचा होता. मुखवटा चढवलेला माणूस देव समजावा, त्याला कोणी हात लावू नये, नाव विचारू नये, असे त्यात कोरले होते. नियम उत्सवापुरताच होता. पण पाथरवट तिथी कोरायला विसरला, आणि राजाची चूक दाखवणार कोण? नियम तसाच बारमाही राहिला.

"मात्र मुखवटा काढलास, की तू सुताराची पोर," साळुंकी म्हणाली आणि उडून गेली.

दुसऱ्या दिवशी भर बाजारात सगुणा मुखवटा चढवून निघाली. भोके बापाच्या मापाची, तिला धड दिसेना. पहिल्याच वळणावर ती वांग्यांच्या पाटीवर आपटली. बाजार खदखदून हसला. सगुणेला वाटले, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे. तशीच उठून ती नाक्यावर गेली. तिथे जकातदार रोज धोंडूबाई कुंभारणीची अर्धी मडकी ठेवून घेई आणि एक गंमत म्हणून फोडी. वांगी लागलेला देव पाहून तो सर्वांत मोठ्याने हसला, आणि हसत हसत जवळ येऊन त्याने मुखवट्याकडे पाहिले. हसू तिथेच थिजले. तो मडक्यांत बसला आणि दुपार कलेपर्यंत आपली पापे सांगत राहिला. तिकडे झरोक्यात राजाची पहिली गाठ सुटली. राजाने नुसती मान खाजवली.

लोकांनी जयजयकार केला. धोंडूबाईने सगुणेवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. दुसऱ्या दिवशी रांग लागली. "देवा, शेजारणीची कोंबडी माझ्या परसात येते, तिच्याकडे एकदा बघाच!" सगुणेला पुनव दिसत होती, आणि लोकांना कोंबडी.

तिसऱ्या दिवशी ती चौकात न्यायाधीशासमोर उभी राहिली. तोही बोलला. पण न्याय विकणाऱ्याला गिऱ्हाईक लागतेच. कोणी भावाचे शेत लाटले, कोणी विधवेचे घर, सारे त्याने नावानिशी सांगितले. सांगता सांगता त्याने धोंडूबाईचेही नाव घेतले. जावेची भट्टी तिने अशीच आपल्याकडे वळवली होती. दुसरी गाठ सुटली, पण कोणी जयजयकार केला नाही. चौक मुकाट्याने रिकामा झाला, आणि दुसऱ्या दिवशी रांग नव्हती. मुखवटा दिसला, की लोक दारे लावून घेत. "पूर्वी काय वाईट चाललं होतं?" असेही कोणी म्हणू लागले.

कोतवाल भुजंगराव हुशार. तो नव्या नवरीसारखा मान खाली घालून फिरू लागला. कुठे मुखवट्याची चाहूल लागली, की पायाच्या अंगठ्याकडे पाही. आणि आळीआळीत जाऊन हळूच सांगे, "मी बोललो, तर तुमच्यातलं कोण उरेल?"

चैत्री पुनव उजाडली. सूर्य माथ्यावर आला. चौकात ओंडका ठेवला, कुऱ्हाड ठेवली. भिवबाला आणले तेव्हा पाण्यात राहून त्याचे पाय भोपळ्यासारखे सुजले होते. त्याला उभे राहवत नव्हते. सगुणा ओंडक्यापुढे जाऊन उभी राहिली. मारेकऱ्याला तिला हात लावता येईना.

"थांबू या," कोतवाल जमिनीकडे पाहत म्हणाला. "देवाला कधीतरी तहान लागेल."

सारे थांबले. ऊन भाजत होते. मुखवट्याआड घाम डोळ्यांत उतरत होता, तरी ती हलली नाही. संध्याकाळ होईतो, रात्र होईतो उभी राहिली असती. तेवढ्यात भिवबा खुरडत खुरडत पुढे आला आणि त्याने आपले कपाळ तिच्या पायांवर ठेवले.

सगुणेच्या काळजाचे पाणी झाले. ज्या बापाने आईच्या माघारी तिची वेणीफणी केली, तो तिच्या पायांवर! हे पाप कुठे फेडायचे? ती सारे विसरली. तिने मुखवटा काढून फेकला आणि बापाला दोन्ही खांद्यांना धरून उठवले.

"सुताराची पोर!" कोतवाल गरजला. "धरा तिला!" शिपायांनी तिला धरले. भुजंगरावाने मुखवटा उचलला. देव उतरला, आता हे नुसते लाकूड, असे त्याला वाटले; इतके दिवस मान खाली घालायला लावणारी ही वस्तू आहे तरी काय, म्हणून त्याने तो समोर धरला. मग त्याच्या तोंडून जे बाहेर पडू लागले ते मावळतीपर्यंत थांबले नाही.

तिसरी गाठ सुटली. हार झरोक्यातून चौकात पडला आणि त्याचे कोळसे झाले. बारा वर्षांनी राजाला धड ऐकू आले आणि त्याला रडू कोसळले. कोतवाल त्याच तळघरात गेला. भिवबाचे हात वाचले. राजाने शपथ घेतली, "आजपासून एकही फिर्याद माझ्या दारातून परत जाणार नाही."

आणि लगेच चौकातून फिर्याद आली. "महाराज, या पोरीने आमची अब्रू चव्हाट्यावर मांडली. उत्सव नसता देवाचं रूप घेऊन फिरली." एक बोलला, मग दहा, मग शंभर.

राजाने विचारले, "हिच्या बाजूने कोणी आहे?"

"मी आहे, महाराज," भिवबा म्हणाला.

"बापाची साक्ष धरत नाहीत. दुसरे कोणी?"

धोंडूबाईने पदर सारखा केला आणि आपली मडकी मोजायला घेतली. राजा आता न्यायी होता, आणि न्यायी राजाला शंभरांचे ऐकावे लागते. सगुणेला हद्दपारी झाली. भिवबाला शेला, श्रीफळ मिळाले आणि हुकूम मिळाला, की नगरीच्या सुताराने नगरी सोडू नये. देवांना तोंडे कोण देणार?

त्याला गाडीत घालून वेशीपर्यंत नेऊ दिले, एवढी दया झाली.

"आबा," सगुणा म्हणाली, "तुम्ही देव समजून पाया पडलात. मला राहवलं नाही."

भिवबाने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. "देव कसला? लाकूड माझं, भोकं मी पाडलेली. आणि माझ्या लेकीचे पाय मला ओळखू येणार नाहीत होय गं? माझ्या हातांसाठी तू उन्हात उभी होतीस. डोकं टेकावंसं वाटलं, टेकलं. तू मुखवटा काढशील हे ध्यानातच आलं नाही."

"बापानं पायावर डोकं ठेवायचं आणि पोरीनं नुसतं उभं राहायचं?"

"नाही खरं," भिवबा म्हणाला.

शिपायाने भाला आडवा धरला. सगुणा पलीकडे गेली, आणि गाडी मागे वळली.

त्या नगरीत पुढे न्याय नांदला; खोटे कशाला सांगू? गाई परत आल्या, नाक्यावर मडकी फुटेनाशी झाली, शंभर वर्षे सुबत्ता टिकली. राजा रोज चौकात बसून ज्याची त्याची फिर्याद ऐके. भिवबाची एकच फिर्याद होती. ती कोणाविरुद्ध करावी, हे मात्र त्याला मरेपर्यंत उमगले नाही.