‘च्या’चा उच्चार

एका शहरात एक वृद्ध विदुषी राहत असत. सारे त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत. आयुष्यभर भाषाशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी संगणकासाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. पडद्यावरचा मराठी मजकूर तो मोठ्याने वाचून दाखवी, आणि दृष्टिहीन माणसे त्याच्या आधारे वर्तमानपत्र ऐकत, अभ्यास करत. बाईंनी तो विकला नाही, कुलपातही ठेवला नाही. त्याची ओळन् ओळ त्यांनी इंटरनेटवर उघडी ठेवली होती. कोणीही यावे, वाचावे, चूक दाखवावी, दुरुस्ती सुचवावी. असे येणाऱ्यांचा एक विखुरलेला परिवारच त्या कामाभोवती जमला होता.

बाईंचा एक शिष्य होता, शौनक. बुद्धी तल्लख, संयम मात्र बेताचा. नव्या माणसांचे प्रश्न वाचायचे काम बाईंनी त्याच्याकडे सोपवले होते आणि त्या कामाचा त्याला मनस्वी वैताग होता. कोणी विचारी, हे चालू कुठून करायचे? कोणी दुरुस्ती म्हणून पाठवी ती अशी, की आधी चालत होते तेही बंद पडावे. त्यात बाईंचा एक दंडक होता. प्रश्न विचारायचा तो सर्वांसमोर आणि उत्तर द्यायचे तेही सर्वांसमोर, लिहून. फोनवर नाही, खासगी निरोपात नाही.

प्रोग्रॅममध्ये एक जुनी उणीव होती. मराठीत ‘च’ एकच लिहितात, पण बोलतात दोन. ‘चहा’तला वेगळा, ‘चित्रा’तला वेगळा. ‘चिंच’ या एवढ्याशा शब्दात तर दोन्ही आहेत. ‘ज’ आणि ‘झ’ यांचेही तसेच. प्रोग्रॅम मात्र सगळीकडे ‘चित्रा’तलाच ‘च’ वापरी. अंध मुलांच्या एका शाळेत तो रोज वापरत, आणि तिथली मुले हसून म्हणत, “हा कुठला तरी पाहुणा मराठी बोलतोय!” हसण्यावारी गेले असते, पण त्या वर्षी आधी घटक चाचणीची आणि मग सहामाही परीक्षेची प्रश्नपत्रिका संगणकच वाचून दाखवणार होता. मुख्याध्यापकांचा फोन आला, तेव्हा शौनकने छातीठोकपणे सांगितले, “सर, चाचणीच्या आधी करून देतो.”

आणि त्याने केलेही. एका बैठकीत नियम लिहिला. पुढचा स्वर पाहायचा. इ, ई, ए असेल तर ‘चित्रा’तला ‘च’, नसेल तर ‘चहा’तला. संस्कृत शब्दांत ‘च’ नेहमी ‘चित्रा’तलाच, म्हणून त्यांची यादी वेगळी काढली. मोठ्या समाधानाने त्याने ते बाईंकडे पाठवले.

बाईंनी ते वाचले आणि स्वीकारले नाही. उलट इंटरनेटवर त्या उणिवेची नोंद होती, तिच्याखाली त्यांनी सर्वांना दिसेल असे लिहिले, “हे काम नव्या माणसाने करावे. शौनक मदत करील.”

शौनक तडक बाईंच्या घरी गेला.

“बाई, काय चुकलंय त्यात?”

“मला तरी काही दिसलं नाही.”

“मग?”

“मग काही नाही. कोणी नवीन करू दे.”

“अहो, पण झालंय ते! झालेलं काम पुन्हा कोणाकडून तरी करून घ्यायचं, आणि तेही ज्याला येत नाही त्याच्याकडून? चाचणी तोंडावर आलीय. मी शब्द दिलाय तिथे.”

“मुख्याध्यापकांशी मी बोलते,” बाई म्हणाल्या. “चहा घेणार?”

शौनकने चहा घेतला नाही.

ते काम उचलले परभणीच्या रुबीना नावाच्या एका मुलीने. प्रोग्रॅम लिहायला ती नुकतीच शिकू लागली होती. तिचा पहिलाच प्रश्न होता, “सर, ‘च’ कुठल्या फाइलमध्ये आहे?” शौनकने कपाळावर हात मारला आणि उत्तर लिहिले. मग तिने विचारले, नियम आधी लावायचा की यादी आधी बघायची? त्याने लिहिले. तिने दुरुस्ती पाठवली. तिने ‘चहा’ सुधारला होता आणि ‘चित्र’ बिघडवले होते. त्याने दात-ओठ खात पुन्हा समजावले. आपले पहिले उत्तर तिला कळले नव्हते, म्हणून दुसरे अधिक सोपे लिहावे लागले. तेही कळले नाही, तेव्हा उदाहरणे द्यावी लागली. उदाहरणे देता देता संस्कृत शब्दांची आपली यादी किती तोकडी आहे, हे त्याच्या लक्षात आले. त्याचा तर त्याला अधिकच राग आला.

त्यांचे हे लिहिणे उघड्यावर चाललेले. भंडाऱ्याचे वासनिक नावाचे शिक्षक ते वाचत असत. एके दिवशी त्यांनी मध्येच लिहिले, “आमच्याकडे यातले काही शब्द असे बोलत नाहीत बरं.” झाले, त्याची चर्चा सुरू झाली. मधल्या काळात चाचणी होऊन गेली. प्रश्नपत्रिका पाहुण्याच्याच आवाजात वाचली गेली, आणि एका मुलाने एक प्रश्न निराळाच समजून भलते उत्तर लिहिले. मुख्याध्यापक शौनकला फोनवर एवढेच म्हणाले, “तुम्ही म्हणाला होतात, म्हणून आम्ही दुसरी सोय केली नाही.” बाईंनी क्षमा मागितली होती, तरी ते वाक्य शौनकच्या मनात रुतून बसले. आता एक शब्दही लिहायचा नाही, असे त्याने ठरवून टाकले.

त्याच दिवशी रुबीनाचा प्रश्न आला.

“सर, ‘माझा’ बरोबर आहे, ‘माझी’ बरोबर आहे, पण ‘माझ्या’ चुकतंय. ‘मुलांच्या’ पण चुकतंय. तुम्ही सांगितलेल्या नियमात ‘य’चं काय करायचं?”

“आहे त्यात, नीट वाच,” असे लिहायला शौनकने बोटे उचलली, आणि कोणती ओळ ते तिला दाखवावे म्हणून आपलाच नियम उघडला. ‘य’ त्यात नव्हता. त्याने पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचले. नियम पुढचा स्वर पाहत होता. ‘च्या’मध्ये ‘य’ ओलांडून तो थेट ‘आ’पाशी जात होता आणि ‘चहा’तला ‘च’ लावत होता. शौनकने आपण लिहिलेला जुना कोड चालवला आणि प्रश्नपत्रिकेतले एक साधे वाक्य त्याला वाचायला दिले. ‘शेजारच्या’, ‘गावाच्या’, ‘त्यांच्या’... प्रत्येक ‘च्या’ वेडावाकडा उच्चारत तो आवाज पुढे जात राहिला. दर ओळीत एकदा तरी. शौनकने सुटे शब्द तपासले होते, पण आख्खे वाक्य एकदाही ऐकले नव्हते. आपली दुरुस्ती चाचणीच्या दिवशी त्या मुलांच्या कानावर पडली असती, या विचाराने तो चांगलाच वरमला.

त्याने रुबीनाला उत्तर लिहिले. “तुमचं बरोबर आहे. ‘य’ माझ्याकडून राहिला. तुम्ही घालून बघा.”

तिने घातला. पुन्हा असे ओबडधोबड, की शौनकला ते दोनदा सरळ करून घ्यावे लागले. वासनिकांनी आपल्या वर्गातल्या मुलांकडून वाक्ये वाचून घेऊन ती पडताळून पाहिली. सहामाहीच्या आधी नवी आवृत्ती शाळेत पोचली. प्रश्नपत्रिका ऐकताना त्या दिवशी कोणी हसले नाही.

शौनक बाईंकडे गेला. या वेळी चहा त्यानेच मागितला.

“बाई, खरं सांगा. माझ्या दुरुस्तीतली ती चूक तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसली होती ना?”

“नाही रे.”

“मग परत का केलीत?”

“ती वाचणारी मी एकटीच होते, म्हणून,” बाई म्हणाल्या. “तू लिहिलंस, मी वाचलं, मला पटलं. आपण दोघं जाणकार. जाणकार माणूस दुसऱ्याच्या ओळीवरून भरभर पुढे जातो. ‘हे का?’ असं विचारायची त्याला लाज वाटते. नवशिक्याला नाही वाटत. त्याला काहीच कळत नसतं, म्हणून तो प्रत्येक ओळीशी अडतो, आणि त्याला सांगण्यासाठी आपल्यालाही तिथं थांबावं लागतं. तू मला ‘काम झालं’ म्हणालास. मी बघत होते, ते काम कळलेली माणसं किती झाली. तेव्हा तू एकटा होतास, आणि तुलाही ते पुरतं कळलेलं नव्हतं. चाचणीचा तेवढा भार मात्र माझ्यावर. तिथे माझा अंदाज चुकला, त्या मुलाचं नुकसान झालं. ते मी नाकारत नाही.”

शौनकला पटले होते, पण वैताग सगळा गेला होता असेही नाही.

घरी येऊन त्याने संगणक उघडला. कोणीतरी नवीन माणूस आला होता. प्रश्न होता, “नमस्कार, ‘ज’ कुठल्या फाइलमध्ये असतो?”

शौनकने सवयीने सुस्कारा टाकला. चार ओळींचे रोखठोक उत्तर त्याने लिहिले आणि ते पाठवणार, एवढ्यात खाली दुसरे उत्तर उमटले. रुबीनाचे. तिने फाइल कोणती ते सांगितले होतेच, शिवाय ती उघडल्यावर आधी काय दिसेल, ते पाहून गोंधळायला का होते आणि कुठून वाचायला लागले म्हणजे सोपे जाते, तेही लिहिले होते. शेवटी होते, “नाही कळलं तर पुन्हा विचारा. मला पण पहिल्यांदा नव्हतं कळलं.”

शौनकने ते उत्तर शांतपणे वाचले. मग स्वतःचे पुसून टाकले.

जिथे विद्या उघडी ठेवलेली असते, तिथे शिकणारा कधी शिकवू लागतो, हे शिकवणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.