चाळीस मिनिटांचा अर्ज

“चाळीस मिनिटांत मूल कुणाला काय पटवून देणार, चाचा?”

नलिनी टेकाळेबाईंनी हे विचारलं ते उभ्या उभ्याच. बसायची त्यांची तयारी नव्हती.

याकूब चाचा तालुक्याच्या बस आगारासमोर, कडुनिंबाखाली, लोकांचे अर्ज लिहून देत. चाळीस वर्षं हेच काम. शिक्षण सातवीपर्यंत. नलिनीबाई एम. ए., बी. एड., विद्यापीठात दुसऱ्या आलेल्या. हेडमास्तरांनी त्यांना सल्ला घ्यायला इकडे धाडलं होतं आणि तो अपमान त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

त्यांच्या सातवीतली अकरा मुलं जिल्ह्याच्या लेखन परीक्षेला बसणार होती. एक प्रश्न, चाळीस मिनिटं. आपलं म्हणणं वाचणाऱ्याला पटेल असं लिहायचं. निवड झाली तर आठवीपासून निवासी शाळा. मागच्या वर्षी एकाचीही निवड झाली नव्हती.

यंदा बाईंनी कसर ठेवली नव्हती. आधी सुविचार, मग तीन मुद्दे, शेवटी पुन्हा सुविचार, असा साचा करून दिला होता. पन्नास सुविचार पाठ करून घेतले होते. तरी सरावात मुलांचे पेपर अर्धवट राहत. मुक्ता नावाची मुलगी तर चौथ्या ओळीवर थांबे, ती थांबेच.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं.



तेवढ्यात माळवस्तीच्या गिरजाबाई आल्या. वस्तीच्या फाट्यावर बस थांबत नव्हती. मुली तीन किलोमीटर चालत शाळेला जात. त्यांना अर्ज हवा होता आणि आगाराचे साहेब बारा वाजता दौऱ्यावर निघणार होते. बाराला वीस मिनिटं कमी होती.

चाचांनी कोरा कागद आणि पेन नलिनीबाईंपुढे सरकवलं.

“तुम्ही लिहा, बाई.”

बाईंनी लिहिलं. अक्षर मोत्यासारखं. मुलगी शिकली की घर शिकतं, इथून सुरुवात केली. शिक्षणाचं महत्त्व, स्त्रीचं स्थान, शासनाचं कर्तव्य. आठ मिनिटांत पानभर मजकूर झाला. चाचांच्या सांगण्यावरून त्यांनी तो गिरजाबाईंना वाचून दाखवला.

गिरजाबाईंनी हात जोडून, मन लावून ऐकलं. मग म्हणाल्या,

“लई चांगलं लिवलंय. कुणाचं हाय हे?”

नलिनीबाई कागद पुन्हा वरून वाचू लागल्या.

चाचांनी त्यांच्या हातून पेन घेतलं. टोपण लावलं आणि ते खिशात ठेवून दिलं. दहा मिनिटं उरली होती.

“गिरजाबाई, तुम्ही साहेब असता, तर बस का थांबवली नसती?”

गिरजाबाईंना राग आला. मी गाऱ्हाणं घेऊन आले, साहेबाची बाजू मी कशाला मांडू, असं त्यांनी सुनावलं. चाचा समोर बघत बसून राहिले.

एक मिनिट गेलं…

दोन गेली. नलिनीबाईंची नजर घड्याळावरून हलत नव्हती.

“उशीर हुईल म्हनत्याल,” गिरजाबाई शेवटी म्हणाल्या.

“मग?”

“पर गाडी तितं हळूच असती की. पुलाचं काम चाललंय. सात पोरी चढायला कितीसा येळ लागतो?”

चाचा अजून थांबले.

“नऊ हुत्या,” गिरजाबाई हळू आवाजात म्हणाल्या. “दोघी घरी बसल्या.”

तेव्हा चाचांनी पेन बाहेर काढलं. पाच ओळी लिहिल्या. पहिली ओळ होती : बसला उशीर होईल, ही आपली अडचण असणार. मग पूल, सात मुली, घरी बसलेल्या दोघी, आणि एक महिना बस थांबवून पाहावी ही विनंती. गिरजाबाईंनी अंगठा उठवला आणि त्या जवळजवळ पळतच आत गेल्या.

त्या बाहेर आल्या तेव्हा साहेबांची जीप सुरू झाली होती. साहेबांनी कागद दोनदा वाचला, पुलाचं काम कधी संपणार एवढं विचारलं आणि सोमवारपासून महिनाभर थांबा द्यायला सांगितलं, असं गिरजाबाईंनी सांगितलं.

नलिनीबाई आता बाकावर बसल्या.

“दहाच मिनिटं होती, चाचा. त्यातली सहा तुम्ही पेन खिशात ठेवून घालवलीत.”

“वेळ कमी होता ना, बाई. म्हणून थांबलो.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गातला सुविचारांचा तक्ता उतरवला.

सरावाचे नियम बदलले. पहिली दहा मिनिटं पेन कुणी हातात धरायचं नाही. प्रश्न वाचायचा आणि समोरचा माणूस ‘नाही’ का म्हणेल ते शोधायचं. खेळाचा तास वाढवा, असा विषय असेल तर एकाने हेडमास्तर व्हायचं आणि मनापासून नाकारायचं. मगच लिहायला घ्यायचं.

पहिल्या आठवड्यात मुलं रडकुंडीला आली. वेळ चालला, वेळ चालला, असं पुटपुटत राहायची. दोन पालक येऊन भांडून गेले, पोरं लिहायची सोडून नुसती बसतात म्हणून. हेडमास्तरांनाही शंका आली. बाई हटल्या नाहीत. रोज एक विषय, भिंतीवर घड्याळ, टेबलावर जमा केलेली अकरा पेनं. पाच आठवडे एक दिवस चुकवला नाही. ताप आला त्या दिवशीही त्या शाल गुंडाळून आल्या.

चौथ्या आठवड्यात सगळे पेपर वेळेत पुरे झाले. फक्त मुक्ताचा राहिला. ती दहाऐवजी वीस मिनिटं विचार करी.

निकाल लागला. चार मुलांची निवड झाली. मुक्ताची झाली नाही.

त्या रविवारी सकाळी नलिनीबाई पेढे घेऊन कडुनिंबाखाली आल्या. चौघांची नावं त्यांनी अभिमानाने सांगितली. उरलेल्या सातांसाठी सोमवारपासून पुन्हा वर्ग घेणार आहे, पुढच्या परीक्षेची वाट बघणार नाही, हेही सांगितलं.

मग मुक्ताचा विषय निघाला आणि त्यांचा आवाज खाली आला.

निकालानंतर मुक्ताच्या वडिलांनी शाळा बंद म्हणून सांगितलं होतं. आठवीची शाळा पलीकडच्या गावात, वाट ओढ्याकडेची, निर्जन. मुक्ता वडिलांबरोबर शेळ्यांमागे गेली. ते ‘नाही’ का म्हणतात, एवढंच तिने विचारलं. परत आली ती त्यांचा होकार घेऊन. तिच्या वस्तीतल्या आणखी दोघी तिच्याबरोबर जाणार होत्या आणि ओढ्यापलीकडे सोडायला वडील स्वतः येणार होते.

“पण तिला दोन तास लागले, चाचा,” बाई म्हणाल्या. “परीक्षेत दोन तास कोण देतं?”

चाचांनी पेढा हातातच धरला होता.

“त्या दोन तासांत…”

“काय?”

“ती स्वतः किती वेळ बोलली, बाई?”