पहिल्या चढाईची दवंडी

काळमाथा संस्थानाशी हुतूतूचा सामना उद्यावर आला, तरी पहिली चढाई लिंबाजीनं करायची की केरूनं, हे काही जांभूळगडाला ठरवता येईना.

लिंबाजी जुना गडी. वीस वर्षं मैदान गाजवलं, पण हल्ली रेषा ओलांडली की पाचव्या पावलाला त्याचा दम तुटायचा. केरू कालचा. वाऱ्यासारखा जायचा आणि तितक्याच वेगानं पकडला जायचा. काळमाथ्याशी मागचे तीन सामने गाव हरलं होतं. दोन लिंबाजीच्या नावावर, एक केरूच्या.

मैदानाच्या कडेला यमनाक्काची फुटाण्यांची भट्टी होती. सकाळपासून अख्खं गाव तिथं जमलेलं. विहिरीवरून अर्धी घागर आणताना ज्याला धाप लागते, तो नारोबा सोनार लिंबाजीच्या दमावर बोलत होता.

"घरी बसवा त्याला आता. त्याच्या गुडघ्याची करकर मला दुकानात ऐकू येते."

"आणि तुमच्या केरूला अजून मिसरूड नाही," तात्या न्हावी म्हणाला. "मला विचारा. माझ्याकडं यायची वेळच आली नाही त्याच्यावर."

शब्दाला शब्द लागला, मग हाताला हात. कुणाचा तरी फेटा उडाला, कुणाची तरी लाथ कढईला लागली आणि फुटाणे तापल्या वाळूसकट मातीत गेले. तेवढ्यात घोड्यावरून जांभूळगडचे राजे, अप्पासाहेब महाराज आले. गाव गप्प झालं. फुटाणे वेचणारी यमनाक्का मात्र स्वतःशीच पुटपुटत होती.

"एवढी तोंडं, आणि डोकं एकही नाही."

महाराजांच्या कानावर ते बरोबर पडलं आणि झोंबलं. परवा ते स्वतः लिंबाजीचे होते, काल केरूचे. आणि आज राणीसाहेबांनी केरूचं नाव घेतलं म्हणून पुन्हा लिंबाजीचे झाले होते.

"डोकं तुझ्याकडं आहे वाटतं? मग चालव. पहिली चढाई कोणाची, ते दिवेलागणीच्या आत सांगायचं. लिंबाजीचं नाव घ्यायचं नाही, केरूचं घ्यायचं नाही, तिसऱ्याचं तर नाहीच. आणि गावातल्या एकानंही 'हा कशाला' म्हणता कामा नये. नाही जमलं, तर ही भट्टी उद्या मैदानावर दिसणार नाही."

घोडा गेला. यमनाक्कानं रिकामी कढई पुन्हा भट्टीवर चढवली. भट्टी सासूच्या हातची, तिच्यावरच चार माणसांचं पोट. गावकरी हळहळले, फुकटचे फुटाणे खिशात घातले आणि पुन्हा भांडू लागले.

दुपारी काळमाथ्याचे गडी आले. दर सामन्याला आदल्या दिवशी येऊन मैदानावरच्या निंबाखाली उतरायचा त्यांचा रिवाज. त्यांचा म्होरक्या धुळोजी थेट भट्टीवर आला.

"आक्का, द्रोणभर फुटाणे. आणि दवंडी झाली का?"

पहिली चढाई कोणाची, याची संध्याकाळी हलगी वाजवून दवंडी द्यायची, ही जांभूळगडाची जुनी हौस. यमनाक्कानं द्रोण भरला.

"तुम्हाला कोण हवाय, लिंबाजी की केरू?"

तीन सामने जिंकलेल्या माणसाचं तोंड सैलच असतं. धुळोजी बकाणा भरत म्हणाला, "कोणीही चालेल. लिंबाजी असला तर गुडघ्याला मिठी. केरू असला तर आत येऊ द्यायचा आणि मागून साखळी करायची. नाव तेवढं कळू दे. मग संध्याकाळभर तेवढीच तालीम करतो."

"यंदा म्हणे नाव सांगणारच नाहीत," यमनाक्का वाळू ढवळत म्हणाली.

धुळोजीचा हात तोंडापाशीच थांबला. द्रोण तिथंच ठेवून तो निंबाखाली पळाला. अठरा वर्षांच्या धंद्यात यमनाक्काचे फुटाणे कुणी अर्धे टाकले नव्हते. ती द्रोणाकडं बघत राहिली आणि गालात हसली.

दिवेलागणीला महाराज घोड्यावरून आले. हलगीवाला तयार, गाव गोळा झालेलं. यमनाक्कानं तो अर्धा द्रोण महाराजांसमोर धरला.

"हे काय?"

"उत्तर, सरकार. आज हलगी वाजवू नका. लिंबाजी नाही, केरू नाही, तिसरा नाही. नावच सांगू नका. उद्या ते दोघं समोरची फळी बघून रेषेवर आपापसात ठरवतील. त्यांना अजून कुणी विचारलेलंच नाही. तीन सामने आपण आदल्या दिवशी हलगी बडवून वैऱ्याला सांगतोय, की बाबांनो, उद्या ह्याला धरा."

"पण..." नारोबा सोनार पुढं सरसावला.

"बोला की नारोबा. कोणाच्या नावाला हरकत आहे?"

नारोबानं तोंड उघडलं. हरकत घ्यायला नावच नव्हतं. त्यानं ते मिटलं.

महाराजांनी मिशीवरून हात फिरवला. "गडी ठरवतील ते ठीक. पण दवंडी नाही, तर गाव भांडेल कशावर?"

"गावाचा वाद मी पुढं धाडलाय. ते बघा."

निंबाखाली काळमाथ्याचे गडी एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. "लिंबाजीच येणार!" "तुझं कपाळ, केरू!" धुळोजीचा फेटा धुळीत पडला होता. तालमीचं नाव नव्हतं.

"आणि आपल्या लोकांचं म्हणाल," यमनाक्का म्हणाली, "तर उद्या कोणीही गेला तरी प्रत्येकाला सांगता येईल, 'मी म्हणालोच होतो.' गावाला जिंकण्यापेक्षा तेच गोड लागतं."

"गावालाच?" महाराजांनी डोळे बारीक केले.

"सरकारही गावातच राहतात."

मग महाराज असे हसले, की घोडा दोन पावलं मागं सरला. त्यांनी हातातलं चांदीचं कडं काढून यमनाक्काला दिलं आणि हलगीवाल्याला म्हणाले, "वाजव रे. नाव नाही सांगायचं, हुकूम सांग. ही भट्टी पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहील. आणि उद्यापासून सामन्यावर ज्याला मत द्यायचं असेल, त्यानं आधी आक्काकडून शेरभर फुटाणे घ्यायचे आणि ते संपवूनच बोलायचं."

हलगी थांबली. गावात पहिल्यांदाच सामसूम झाली. ती मोडली महाराजांनी, कमरेचा पैशांचा कसा सोडत.

"आक्का, दोन शेर दे. लिंबाजीबद्दल मला जरा बोलायचंय."