दोन्हीकडे आउट

"प्रत्येक पिन बरोबर जागी बसलीय, चाचा. मग चित्र का येत नाही?"

हेरंबने व्हीसीआर, केबलींचा गुंता आणि नवा कन्व्हर्टर लतीफचाचांच्या टेबलावर जवळजवळ आपटलेच. मिरजेच्या याच दुरुस्तीच्या दुकानात तो सुट्टीत सोल्डरिंग शिकला होता. आता इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होता, आणि आठ दिवस एक कॅसेट त्याला दाद देत नव्हती.

त्या कॅसेटमध्ये आईचा आवाज होता. तेवढाच उरलेला.

नानांना, त्याच्या वडिलांना, तो ऐकायचा होता. पक्षाघातानंतर त्यांची जीभ जड झाली होती. व्यायामाच्या दवाखान्यातून घरी नेताना हेरंबने त्यांना दुकानातल्या बाकावर टेकवलं होतं.

"व्हीसीआरला पिवळी, पांढरी, लाल. नव्या टीव्हीला फक्त एचडीएमआय. म्हणून मध्ये हा डबा घातला. केबल तीनदा बदलली..."

"डब्यावर काय लिहिलंय?"

"वाचलंय हो सगळं. मुलांना हेच तर शिकवतो मी."

बाकावरून नाना म्हणाले, "उ... ल..."

"नाना, दोन मिनिटं. तर चाचा, सिग्नल जो आहे..."

चाचांनी हात वर केला. हेरंब थांबला.

चाचा उठले. त्यांनी डबा नानांच्या मांडीवर ठेवला आणि समोर स्टूल ओढून बसले.

हेरंबने दोनदा घड्याळ पाहिलं.

नानांचं बोट सावकाश डब्यावरच्या एका बारीक बाणावर येऊन टेकलं.

"उल... टा."

हेरंबने वाकून पाहिलं. बाण एचडीएमआयकडून पिवळ्या भोकाकडे जात होता. पिवळ्या भोकाखाली लिहिलं होतं, आउट. त्याने व्हीसीआर फिरवला. तिथेही आउट.

"म्हणजे दोघंही नुसते पाठवतायत," तो पुटपुटला. "घेणारं कुणीच नाही."

"हं," चाचा म्हणाले.

"नाना... घरीसुद्धा तुम्ही हेच सांगत होता?"

नानांनी मान डोलावली.

हेरंबचे कान तापले. तो घाईघाईने केबली गुंडाळू लागला. "दुसऱ्या दिशेचा डबा असेल ना तुमच्याकडे, चाचा? द्या. लगेच घरी जाऊन जोडतो."

चाचा स्टुलावरून हलले नाहीत.

"बस खाली. त्यांचं अजून सांगून झालेलं नाही."