ठकूबाईचा वीतभर वड

एक होता राजा. राजा कसला, नुसती पगडी! इतकी उंच पगडी, की ती सावरायला दोन माणसं मागून चालायची. त्या राजाला एकच गोष्ट खुपायची. झाडं आपल्यापेक्षा उंच का? मग त्याने काय केलं, दवंडी पिटवली. "आमच्या पगडीहून उंच झाड या राज्यात दिसता कामा नये!" मग पडले की हो आंबे, पडल्या चिंचा, पडले कडुनिंब. गुरं उन्हात, माणसं उन्हात, आणि पाखरं तर राज्य सोडूनच गेली.

त्या राजाच्या नगरात कुंभारवाड्यात एक ठकूबाई राहायची. एकटा जीव, पण जीभ अशी तिखट, की शिपाईसुद्धा तिच्या दारावरून गुपचूप जायचे. तिच्या भट्टीच्या भिंतीत वडाचं एवढंसं रोप उगवलं होतं. ठकूबाई म्हणाली, "उंच चालत नाही ना? नाही करत उंच. पण वड मी वाढवणार!" मग तिने परातीसारखी पसरट कुंडी घडवली. बुडाला भोकं ठेवली, पाणी साचून मुळं कुजू नयेत म्हणून, बरं का. माती, विटांचा चुरा आणि शेणखत घालून वड लावला. दरवर्षी ती त्याला बाहेर काढायची, मुळं छाटायची, ताजी माती द्यायची. फांद्यांना तांब्याची तार गुंडाळून वळण लावायची. वर्षं गेली. खोड जाड झालं, पारंब्या सुटल्या, पण उंची आपली वीतभरच.

आता गंमत ऐका. त्या वीतभर वडाची सावली मात्र होती भल्यामोठ्या वडाची! कशी म्हणून काय विचारता? हुकूम झाडाला होता, सावलीला नव्हता. ठकूबाई रोज सकाळी कुंडी अंगणात ठेवायची. मग अख्खा कुंभारवाडा सावलीत येऊन बसायचा. गाढवं यायची, शेळ्या यायच्या, तान्ही बाळं घेऊन लेकुरवाळ्या यायच्या.

ही बातमी गेली राजाकडे. मग आले शिपाई, मापाची काठी घेऊन. ठकूबाई म्हणाली, "मापा. नीट मापा." वड त्यांच्या गुडघ्यालाही लागेना. शिपाई माना खाली घालून परत गेले. मग आला कारभारी, भरजरी शालू घेऊन. "बाई, महाराजांना सावली हवी आहे. वड द्या."

"सावली हवी तर इथे या म्हणावं. जागा करून देते."

शालू तसाच परत गेला. मग तिसऱ्या वेळी राजाच आला घोड्यावरून, आणि कुंडी उचलून घेऊन गेला. ठकूबाई मागून ओरडली, "अरे, तो उन्हातला जीव आहे! घरात कोंडून मारशील त्याला!" पण पगडीखाली कान झाकलेले, तो ऐकतोय कशाला?

राजाने वड ठेवला सिंहासनाशेजारी. चहूकडे रेशमी पडदे सोडले आणि सावलीची वाट बघत बसला. सावली पडेना. मग समया पेटवल्या. सावली पडली वीतभर, आणि वर उकाडा! मग गुलाबपाणी घातलं, सकाळ-संध्याकाळ. तर पानं पिवळी पडली आणि टपाटप गळायला लागली. राजा भडकला. ठकूबाईला धरून आणवलं.

"म्हातारे, सावली पाड! नाहीतर या काटकीने चूल पेटवतो."

ठकूबाईने वडाकडे पाहिलं. एवढी तिखट बाई, पण तिचे डोळे भरून आले. मग तिने खोडाला हळूच नख लावलं. सालीखाली अजून हिरवं होतं. झालं! तिने पदर खोचला, चुंबळ केली, कुंडी डोक्यावर घेतली आणि चालायला लागली.

शिपायांनी भाले आडवे धरले. ठकूबाई म्हणाली, "मारायचं तर बाहेर येऊन मारा रे. झाडाला उन्हाचा उशीर होतोय." शिपाई एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि ती गेलीसुद्धा.

पण घरी नाही गेली, बरं का. राजवाड्यासमोर भर चौकात कुंडी ठेवून बसली. पहिल्या दिवशी तिने दुपारभर वडावर पदर धरला, कारण आजारी झाडाला एकदम कडक ऊन सोसत नाही. दुसऱ्या दिवशी राजाने हुकूम सोडला, "तिला पाणी देऊ नका!" तर नगरातल्या बायका निघाल्या, प्रत्येकीच्या कमरेवर घागर. आता अडवा! तिसऱ्या दिवशी फांदीला तांबूस कोंब फुटला. कोंबाचं पान झालं, आणि चौकभर गार सावली पसरली.

मग शिपाई आले आणि भाले खाली ठेवून बसले. मग कारभारी आला. मग राणी आली, दासींना घेऊन. वर गच्चीवर राजा एकटा, घामाने निथळतोय. शेवटी उतरला खाली. सावलीच्या काठाशी उभा राहिला आणि म्हणाला, "ठकूबाई, मला जागा आहे का?"

"तुला आहे. पगडीला नाही."

मग राजाने पगडी काढली. आत होता चारचौघांसारखा माणूस, टकलावर घामोळं उठलेला. बायका खुदकन हसल्या. तोही हसला. मग सगळ्यांनी सरकून सरकून त्याला जागा दिली. आणि पगडीच राहिली नाही, तर तिच्याहून उंच कोण आणि ठेंगणं कोण? हुकूम तिथेच मोडला. लोकांनी आंबे लावले, चिंचा लावल्या.

मग राजा म्हणाला, "ठकूबाई, आता हा वडही जमिनीत लाव. मोठा होऊ दे."

ठकूबाई म्हणाली, "का? आता काय कमी आहे त्याच्यात?"

आणि तिने वड कुंडीतच ठेवला, अंगणात, उन्हात. सगळे त्याच्या सावलीत सुखात राहिले. चला, आता पांघरुणं घ्या. काय गं मनू, झोप येत नाही? बरं, नको येऊ दे. पण ते डोळे मिटून सांग.