टिपरीचं बोर आणि लाल लाल डोळे

बाळांनो, माझ्या मुक्ताचे डोळे आले होते. मी देवीला चांदीचे डोळे बोलले. आणि ज्या पदराने मुक्ताचे डोळे पुसले, त्याच पदराने धाकटीचेही पुसले. झालं! तिचेही आले. अजून चुटपुट लागते. देवीला डोळे वाहिले, आणि एक वसाही घेतला. कोणता? ऐका.

एक होती इवलीशी खार. नाव टिपरी. तिचं बोर गवतात पडलं. टुपकन! टिपरीला दिसेना. डोळे लाल लाल, चिकट चिकट.

तुरुतुरु गेली सशाकडे.
"ससेदादा, ससेदादा, बोर शोध."
"कसं शोधू? माझेही डोळे लाल. हरणीताई कोमट पाणी देईल, डोळे धुईन, मग शोधीन."

तुरुतुरु गेली हरणीकडे.
"हरणीताई, हरणीताई, पाणी दे.
ससा डोळे धुईना,
बोर काही मिळेना!"
हरणी खोकली. खों खों! "घसा दुखतो गं. अस्वलमामा लाकडं आणील, मग पाणी तापवीन."

तुरुतुरु गेली अस्वलाकडे.
"अस्वलमामा, अस्वलमामा, लाकडं आण.
हरणी पाणी देईना,
ससा डोळे धुईना,
बोर काही मिळेना!"
अस्वल कुडकुडलं. हुडहुडहुड! "ताप भरलाय मला. कासवआजी पेज देईल, मग उठेन."

तुरुतुरु गेली कासवआजीकडे.
"कासवआजी, कासवआजी, पेज दे.
अस्वल लाकडं आणीना,
हरणी पाणी देईना,
ससा डोळे धुईना,
बोर काही मिळेना!"

आजी म्हणाली, "सोमवारी आंधळी कोशिंबीर कोण खेळलं?"
"आम्ही."
"डोळ्यांवर रुमाल कुणाचा बांधला?"
"माझा."
"तुझे डोळे तेव्हाच लाल होते ना?"
टिपरी हळूच म्हणाली, "होते. सांगितलं असतं, तर खेळायला घेतलं नसतं." टप टप पाणी आलं. "आजी, माझ्यामुळेच गं सगळे आजारी!"
"रडू नको. डोळे चोळू नको. ॲडिनो नावाचा विषाणू असतो. इतका इवला, की दिसतच नाही. हातावर बसतो, रुमालावर बसतो. डोळ्यात गेला, डोळे लाल. घशात गेला, खों खों. कुणाला ताप, कुणाचं पोट बिघडतं. तू हात धू, रुमाल धू. मग पेज देते."

टिपरीने साबण लावला. फस फस! हात धुतले. रुमाल धुतला, उन्हात टाकला.

आजीने पेज दिली.
एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. ताप उतरला.
अस्वलाने लाकडं आणली,
हरणीने पाणी दिलं,
सशाने डोळे धुतले,
बोर मिळालं!

पण बोर सुकलं होतं. सुरकुतलं होतं.
टिपरी म्हणाली, "चुकलं माझं." तिने हात धुतले. सगळ्यांना एकेक तुकडा दिला.
बोर गोड होतं!

बाळांनो, तोच माझा वसा. तुम्हीही घ्या. हात साबणाने धुवा. रुमाल ज्याचा त्याच्यापाशी. आणि डोळे लाल झाले, तर आधी आईला सांगा. आई रागावत नाही.